चौकटीबाहेरची ओळ

घानातल्या कुमासीत माणूस गेला की पहिला फोन घरच्यांना आणि दुसरा डापाबाईंना. बाईंचं शहरातल्या बांतामा भागात दुकान आहे. मयताचे भिंतीवर लावायचे फोटो, चर्चमध्ये वाटायच्या पुस्तिका, जाहिराती, सगळं तिथेच होतं. बाईंची एक वेबसाइटही आहे. कोण गेलं, अंत्यविधी कुठल्या शनिवारी, लाल-काळं नेसायचं की नुसतं काळं, हे हॅम्बुर्गपासून टोरंटोपर्यंतच्या भाचेमंडळींना तिथे वाचायला मिळतं. माणसं मरायची काही थांबत नाहीत, त्यामुळे वेबसाइट जोरात चालते.

या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात प्रोग्रॅमर लोकांचा फोरम आहे. असा कसा, म्हणून विचाराल तर उत्तर साधं आहे. ज्या पोराने बाईंची वेबसाइट बांधली, त्याने बाईंना विचारून आपल्या दोस्तांसाठी तिथेच एक दालन उघडलं. नाव ठेवलं ‘दुआ आसे’, म्हणजे झाडाखाली. गावातली म्हातारी माणसं झाडाखाली बसून न्यायनिवाडा करतात ना, तसं. पोरगा पुढे कॅनडाला गेला. झाड राहिलं.

अडचण एवढीच होती की मजकूर लिहायची खिडकी मयताच्या जाहिरातींसाठी बनवलेली. ती आलेल्या मजकुराला आधी सभ्य करायची. सरळ अवतरणचिन्हं दिली की वाकवून नक्षीदार करायची. दोन आखूड रेघा दिल्या की त्यांची एक लांब, गंभीर रेघ करायची. ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या स्पेस पुसून टाकायची, कारण शोकसंदेशात कुणी एक ओळ आत आणि एक बाहेर ठेवत नाही. आणि चांदणीचं चिन्ह, ज्याने प्रोग्रॅममध्ये गुणाकार करतात, त्याच्या जागी छोटंसं पुष्पचक्र यायचं. पाच गुणिले तीन लिहावं तर पडद्यावर पाच, पुष्पचक्र, तीन.

लोकांनी फार ओरड केली तेव्हा कुणीतरी एक ‘कोड’ नावाचं बटण बसवलं. आपला कोड निवडायचा, बटण दाबायचं, की तो करड्या चौकटीत जाऊन बसतो. मग त्याला कुणी हात लावत नाही. सगळे बटण दाबू लागले. एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे आसिआमा मास्तर. जन्मभर तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले, क्वादासोला राहणारे, विधुर. मुलगा हॅम्बुर्गला. फोरमवर सगळे त्यांना ‘वोफा’ म्हणत. वोफा म्हणजे मामा, आईचा भाऊ. आपणही मामाच म्हणू. इकडे मामा म्हणजे काय साधी गोष्ट नाही. बाप बाप असतो, पण घराणं आईचं. लग्नाला हो म्हणणार मामा, वाटणीला बसणार मामा, आणि चुकलं तर कान उपटणारही मामाच.

तर हे मामा बटण दाबायचे नाहीत. बटण म्हणजे कच्च्या लोकांचं काम, असं त्यांचं मत. स्वतःच्या कॉम्प्युटरवर सुंदर कोड लिहायचे, एकेक स्पेस मोजून, आणि तो तसाच खिडकीत ओतून मोकळे व्हायचे. पानावर काय उमटलं हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना सगळं ईमेलने यायचं, ही जुनी सोय आता त्यांच्याशिवाय कुणी वापरत नव्हतं, आणि ईमेलमध्ये मजकूर जसा लिहिला तसा जायचा. म्हणजे त्यांचा स्वतःचा कोड त्यांना नेहमी स्वच्छ दिसे. उलट ज्यांनी बटण दाबून नीट चौकटीत कोड ठेवला, त्यांच्या कोडला ईमेलमध्ये मागेपुढे कंसातली चमत्कारिक शेपटं लागलेली असत.

मग मामा त्यांची हजेरी घ्यायचे. ताकोराडीच्या एका पोराला त्यांनी लिहिलं होतं, “ही काय कोड मांडायची पद्धत? तुझ्या घरी फुफू जमिनीवर वाढतात का?” पोराचा कोड पानावर आरशासारखा लख्ख. त्याच्याच खाली मामांचा, त्यात सतरा ठिकाणी फुलं. पोराने उत्तर दिलं, “चुकलं, मामा.” लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण मामांना कोण सांगणार? मोठ्या माणसाला चारचौघांत चूक दाखवायची इथे रीत नाही. एकांतात दाखवायचीही नाही.

आणि मामांचं उत्तर मात्र असायचं सोन्यासारखं. म्हणूनच तर सगळी पंचाईत. लोक मुकाट्याने ते उतरवून घेत, फुलं काढत, ओळी आतबाहेर सरकवून बघत. ज्या भाषेत मामा लिहायचे तिच्यात ओळ किती आत आहे यावरच तिचा अर्थ ठरतो. स्पेस गेल्या की अर्थ गेला. शेवटी कुणीतरी डापाबाईंच्या दुकानात गुपचूप निरोप धाडला, की तुमच्यापैकी ज्याच्याकडे फोरमची किल्ली, म्हणजे पासवर्ड, असेल त्याने मामांची पोस्ट जरा नीट करावी, आणि आमचं नाव सांगू नये.

किल्ली होती बिरागोकडे.

बिरागो दुकानात पुस्तिकांची पानं लावायला लागली होती. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने ओबुआसीला वाढवलं. आई एकुलती एक, त्यामुळे मामा नाही. शाळेत फॉर्मवर, चर्चमध्ये, कुठल्याही कार्यात “मुलीच्या आईकडचं कोण?” असं विचारलं की आत्या खाली बघायची. बिरागो मात्र सरळ समोर बघून “कुणी नाही” म्हणायची, आणि विचारणाराच ओशाळायचा.

मामांची पहिली पोस्ट तिने नीट केली ती शोकसंदेश करतात तशी. कोड चौकटीत घेतला, फुलं काढली, अवतरणचिन्हं सरळ केली, आणि सगळ्या ओळी एकाखाली एक सुरेख लावून दिल्या. तासाभरात पुन्हा निरोप. “ताई, दिसतंय छान. चालत नाही.” मग तिला कळलं की कुठली ओळ किती आत घ्यायची हे दिसण्यावरून ठरत नाही. त्या ओळीचं कोडच्या पोटात काय काम आहे ते समजावं लागतं. ती मामांचं लिहिणं वाचायला लागली. दुकान उघडायच्या आधी, सकाळी, बाहेरच्या बाईकडून कोको म्हणजे आंबवलेल्या मक्याची पेज घेऊन यायची आणि वाचत बसायची. कळेना तेव्हा मागचं वाचायची. कळलं की ओळ आत सरकवायची, आणि मामांची पोस्ट लोक उठायच्या आत घासूनपुसून ठेवायची.

वर्षं गेली. मामांचा दबदबा वाढला. शनिवारी कुठल्याही मयताला गेले तरी मांडवात दोन-चार तरुण येऊन हात मिळवायचे. “मामा, तुमच्या त्या उत्तराने नोकरी वाचली.” मामा नुसती मान हलवायचे. घरी बोलायला कुणी नसलेल्या माणसाला हे किती पुरत असेल, ते ज्याचं त्यालाच कळेल.

आणि मध्येच, कुणी ठरवलं नव्हतं तरी, बिरागो प्रोग्रॅमर झाली. अक्राच्या एका कंपनीने तिला बोलावलं. मुलाखतीत विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, “मयताच्या दुकानात.” त्यांना वाटलं थट्टा करते आहे. पुढे कोड लिहून दाखवायला सांगितला, तो तिने लिहिला, आणि नोकरी मिळाली.

ती बातमी घेऊन डापाबाईंकडे गेली. बाईंनी देवाचे आभार मानले, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “जायच्या आधी किल्ली दे.”

“बाई, फोरमची तेवढी राहू दे ना माझ्याकडे.”

“एकच किल्ली आहे. तिनेच फोरम उघडतो आणि तिनेच मयतं उघडतात. उद्या अक्राहून चुकून बोट लागलं आणि कुणी जिता माणूस मेलेला दाखवलास, तर त्याचे नातेवाईक माझ्या दारात येतील. तुझ्या नाही.”

किल्ली जाणार होती बाईंच्या बहिणीच्या मुलाकडे. बिरागोने त्याला मामांची एक पोस्ट मूळ रूपात दाखवली, म्हणजे पानावर पहिल्यांदा उमटली तशी, कारण वेबसाइट तेही जपून ठेवते. त्याने नीट बघितली. “फुलं छान दिसतात की,” म्हणाला, “राहू दे.”

बिरागोला पुढचं सगळं दिसू लागलं. आता मामांची पुढची पोस्ट येईल ती तशीच राहील. नवी पोरं, ज्यांना काही माहीत नाही, ती हसतील. आणि एखादा तोंडाळ त्यांना भर फोरमवर सांगेल. जन्मभर दुसऱ्यांच्या स्पेस मोजणाऱ्या माणसाला ते ईमेलमध्ये वाचावं लागेल, एकट्याने, क्वादासोच्या त्या रिकाम्या घरात. नाही, हे आपणच जाऊन सांगायला हवं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कशी?

तिने तिएकूला गाठलं. तिएकू फोरमचा सगळ्यात जुना सभासद, एका बस कंपनीत कामाला, चार मुलांचा बाप, आणि बोलण्यात असा की मयतात त्याला आमच्याकडून बोल म्हणून दोन्ही बाजू ओढायच्या.

“असं रिकाम्या हाताने सांगायचं नसतं,” तो म्हणाला. “श्नाप्सची बाटली घेऊ. रीतसर जाऊ. मी बोलतो. तू गप्प बस आणि गरीब दिस.”

“मी गरीबच दिसते.”

“मग अर्धं काम झालं.”

रविवारी चर्च सुटल्यावर दोघे गेले. मामांनी व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या, उजवीकडून डावीकडे हात मिळवले, पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. मग मामा म्हणाले, “इकडे सगळं शांत आहे. वाट तुम्ही चालून आलात. तुम्हीच बोला.”

तिएकूने दारूची बाटली, माफी असो की लग्नाची बोलणी इकडे नेतात ती, टेबलावर ठेवली, घसा साफ केला. आडपडदा न ठेवता बोलणं त्याला येतच नव्हतं.

“मामा, कोंबडीचं पिल्लू आईच्या पायाशी राहिलं तर टोळाची मांडी त्यालाच मिळते. ही पोर, बिरागो, कित्येक वर्षं तुमच्या पायाशी आहे. तुम्हाला दिसली नाही, पण तुमच्या ताटातलं खाऊनच मोठी झाली. हिला आईकडचं कुणी नाही. आता हिला हे घर सोडून दुसऱ्या गावी जायचंय. तर जायच्या आधी एक गोष्ट, जी आजवर झाकलेली होती, ती रस्त्यावरच्या माणसाकडून तुमच्या कानी येण्यापेक्षा, आम्हीच बाटली घेऊन...”

“थांब,” मामा म्हणाले. त्यांचे डोळे एकदम पाणावले होते. “कळलं मला. पुढे बोलू नकोस.”

तिएकूने बिरागोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बिरागोला काही ते खरं वाटेना.

“मुलीने स्वतः यायची पद्धत नाही,” मामा उठत म्हणाले, “पण मागे कुणी नसेल तर तिने तरी काय करावं? बरं केलंस आलीस ते.” आत जाऊन त्यांनी छोटा पेला आणला. बाटली उघडली. मामा पक्के प्रेस्बिटेरियन, आत्ताच चर्चमधून आलेले; पण पूर्वजांचं पूर्वजांना द्यावंच लागतं. व्हरांड्याच्या कडेला उभं राहून त्यांनी थोडी थोडी जमिनीवर ओतली, आजीचं नाव घेतलं, दोन थोरल्या भावांचं घेतलं, बायकोचं घेताना थांबले आणि मग घेतलं. “ही माझी भाची. हिचं लग्न ठरतंय. हिच्यावर नजर असू द्या.”

मग खुर्चीत बसून, पेला ठेवून, अगदी खुशीत म्हणाले, “आता सांगा. मुलगा कोण?”

मयतात दोन्ही बाजूंनी बोलणारा तिएकू बाटलीवरचं लेबल वाचू लागला. शेवटी बिरागोच म्हणाली, “मामा, मुलगा नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“स्पेसबद्दल आलो होतो.”

“कशाबद्दल?”

“ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस. तुमच्या पोस्टमधल्या. त्या जातात, मामा.” आणि मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. खिडकी, बटण, ईमेल, फुलं. सांगताना रडत होती, ते तिला नाक गळायला लागल्यावर कळलं. तिने लॅपटॉप उघडून त्यांचं एक जुनं उत्तर मूळ रूपात दाखवलं.

मामांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“हे गोल गोल काय आहे?”

“पुष्पचक्र.”

“माझ्या गुणाकारात?”

“हो.”

“आणखी कशात आहे?”

“सगळ्यात, मामा.”

“आणि तो ताकोराडीचा पोरगा? ज्याला मी जमिनीवरच्या फुफूचं बोललो?”

“त्याचं बरोबर होतं.”

“तो तर म्हणाला, चुकलं मामा.”

“तुम्ही मोठे आहात ना.”

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला, गाल बसले, आणि बिरागोला वाटलं, संपलं, मी म्हाताऱ्याला मारलं. तिला स्वतःचा राग आला, तिएकूचा आला, आणि ज्याने ती फुलं मुळात बसवली होती त्या कॅनडातल्या पोराचा सगळ्यात जास्त आला.

“मग लोकांना माझं दिसायचं कसं?” मामांनी खाली बघूनच विचारलं.

“मी नीट करून ठेवायची. सकाळी.”

“कुठली ओळ किती आत, हे तुला कसं कळायचं?”

“आधी नाही कळायचं. मग वाचत बसायची. कळेपर्यंत.”

“सगळं?”

“शेवटच्या ओळीपर्यंत. त्याशिवाय लावताच येत नाही ना, मामा. वरचं समजलं नाही तर खालची ओळ कुठे घ्यायची ते कसं कळणार?”

मामांनी चष्मा पुन्हा लावून पडद्यावरचं उत्तर शेवटपर्यंत सरकवलं. शेजारच्या घरात कुणीतरी फुफूसाठी उकडलेले कंद कांडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. “जन्मभर शिकवलं,” ते शेवटी म्हणाले. “शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं एक पोर नाही भेटलं. असा समज होता माझा.”

तिएकूला आता कंठ फुटला. “मामा, माफ करा. बाटली भलत्याच कारणाने उघडली गेली. पुढच्या रविवारी दुसरी घेऊन येतो, रीतसर माफी मागायला. ही तेवढी...” म्हणत त्याने बाटलीकडे हात नेला.

“हात लावू नकोस,” मामा म्हणाले. “वरच्यांना सांगून झालंय, भाची म्हणून. आता काय सांगू, चुकून बोललो? त्यांनी घेतली. एकदा घेतलेलं परत मागत नाहीत.” मग बिरागोकडे वळून म्हणाले, “लग्नाचं तेवढं खोटं ठरलं. ते तू तुझ्या सवडीने खरं कर. येताना मुलगा आण.”

दोन दिवसांनी मामा स्वतः बाटली घेऊन डापाबाईंच्या दुकानात हजर. बिरागो आत पानं लावत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

“माझी भाची परगावी चालली आहे,” मामा म्हणाले. “तिच्या हातची किल्ली तिच्याकडे राहू द्या. काही चुकलं तर लोकांनी माझ्या दारात यावं.”

“वोफा, तुम्ही हिचे मामा?” बाईंनी डोळे मोठे केले. “कधीपासून?”

“रविवारपासून.”

बाईंनी थोडा विचार केला. नोकराला नाही म्हणता येतं. बाटली घेऊन दारात आलेल्या मामाला म्हणता येत नाही. किल्ली राहिली. बाईंच्या भाच्यालाही दुसरी करून दिली, आणि तो अजून फुलं बघत बसतो.

बिरागो अक्राला गेली. फोरमवर मामांची पोस्ट आली, बटण दाबून, चौकटीत. माफीबिफी काही नव्हती, मामाच ते. उत्तराच्या आधी फक्त एवढंच लिहिलं होतं, “ताकोराडीच्या मुलाचा कोड नीट होता. मी पानावर जाऊन बघितला नव्हता.” खाली सगळ्यांनी नेहमीसारखंच लिहिलं, धन्यवाद मामा. ताकोराडीच्या पोराने दोनदा लिहिलं.

बिरागोने ती पोस्ट सकाळी कामावर जायच्या आधी उघडली. सवयच ती. चौकटीत सगळं लख्ख होतं. मग खाली नजर गेली. शेवटची ओळ चौकटीबाहेर राहिली होती. स्पेस गेलेल्या, आणि मधोमध एक पुष्पचक्र. तिने ती ओळ उचलून आत घेतली. पहिल्यांदाच बटण दाबलं म्हातारबुवांनी, एखादी ओळ सुटायचीच.

पुढच्या पोस्टमध्येही सुटली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी एकच, आणि दर वेळी शेवटचीच.

तिएकूचा फोन आला. “अगं, मामांचं वय झालं गं. सगळं नीट करतात आणि शेवटची ओळ विसरतात. काल एका नव्या पोराने खाली हसून लिहिलंसुद्धा. तू नीट करायच्या आधी बघितलं असणार त्याने. मामांना ईमेल गेला असेल, पण काही बोलले नाहीत. जाऊन सांगू या का? बाटली मी आणतो.”

बिरागोने मागच्या पोस्टच्या शेवटच्या ओळी आठवल्या. ज्या माणसाने एका स्पेसवरून पोरांना रडवलं, तो आता सगळ्या गावादेखत रोज एक ओळ उघडी टाकत होता, आणि लोक हसले तरी ती तशीच राहू देत होता, बिरागो येऊन आत घेईपर्यंत.

“नको,” ती म्हणाली. “सुटू दे.”

“आणि लोक हसले तर?”

“हसू दे. मी आहे ना.”

फोन ठेवून तिने कोकोचा घोट घेतला आणि मामांची आजची पोस्ट उघडली. शेवटची ओळ बाहेर होतीच. ती किती आत घ्यायची हे वरचं सगळं वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.